सातबाऱ्यावर नावे सतरा, काशा वेचणारी एक

25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि पुढच्या पंधरवड्यात मृग येतो. मधल्या या दिवसांत मनमाडच्या कोरडवाहू पट्ट्यातील शेतात काय चालते, याची आम्हाला इतकी वर्षे धड कल्पना नव्हती. शेतात पीक उभे नसते, म्हणजे कामही नसणार, अशी नोकरीपेशातल्या माणसाची समजूत असते. आमचीही तीच होती. यंदा घरात एक कागद सहीसाठी आला म्हणून रोहिणीतले दहा दिवस आम्ही शेतावर जाऊन राहिलो. ती समजूत तिथे गळून पडली. तो कागद कसला होता ते पुढे येईलच. आधी शेत पाहू.

मनमाडच्या दक्षिणेला अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात त्या अंगाला आमची सहा एकर जमीन आहे. जमीन कसली, मुरमाड माळ. वरच्या अंगाला कुदळ मारली तर ठिणगी उडावी, खालच्या अंगाला तेवढी दीड-दोन एकर बरी काळी माती. गाव या शेताला आजही 'हाडोळा' म्हणते. आमच्या वाचकांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. गावाने महारांना चाकरीबद्दल दिलेली, तीही बहुतेक ठिकाणी हलक्या प्रतीची अशी ही जमीन. वतनदार म्हणवून घ्यायचे आणि रात्री-अपरात्री सरकारी टपाल, सरकारी खजिना, साहेबाचे सामान डोक्यावर घेऊन धावायचे. घरातला कर्ता गेला नाही तर त्याच्या बापाने जायचे, भावाने जायचे. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कौन्सिलात महार वतन बिल मांडले. त्यावेळी ते मंजूर होऊ शकले नाही. वतने कायद्याने संपली ती 1959 साली, 1958 च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने. म्हणजे तीस वर्षे आणि बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण मध्ये गेले. त्या कायद्याखाली आजोबांनी सरकारात ठरलेली रक्कम भरली आणि ही सहा एकर त्यांच्या नावावर झाली.

आज त्या सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत.

आणि शेतात राबणारी माणसे दोन. आमचा थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, आणि त्याची बायको, आमची वहिनी. दादाचे गुडघे गेलेले आहेत. तेव्हा खरे सांगायचे तर राबणारी एकच.

वहिनी पहाटे चारला उठते. मनमाडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस पहाटे सहाच्या सुमारास नाशिक-मुंबईकडे निघते. त्या गाडीने आमच्या घरातली किती माणसे नोकरीला गेली, शिकायला गेली. वहिनीने मात्र पंचवटीची वेळ एवढ्यासाठीच लक्षात ठेवलेली आहे की ती सुटेपर्यंत पाणी भरून झालेले पाहिजे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी म्हणजे काय, ते मनमाडकरांना विचारा. वागदर्डी धरणावर अख्खे शहर वर्षानुवर्षे अवलंबून राहिलेले. पालखेडच्या कालव्याचे आवर्तन सुटले तर पाटोद्याच्या साठवण तलावातून पाणी उचलून ते वागदर्डीत टाकायचे, आणि मग नळाला किती दिवसांनी पाणी येईल त्याचे अंदाज बांधत बसायचे. शहराची ही गत, तर वस्तीवरची काय असेल? शेतात जीवनधारा योजनेतली विहीर आहे. माघापर्यंत तिला पाणी असते. रोहिणीत तळाला गुडघाभर डबके उरते. त्यातून दोन शेळ्या, एक गाय आणि माणसे यांची तहान भागवायची. तेही पुरेना झाले की टँकरची वाट पाहायची.

दिवस उगवायच्या आत ती रानात असते. चैत्रात ट्रॅक्टरने नांगरट झालेली आहे. हे रान महिनाभर उन्हात तापले पाहिजे, म्हणजे मातीतल्या किडींचे कोष आणि रोगांचे बी जळते, ही अडाणी समजली जाणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मग ढेकळे फोडायची, वखराच्या पाळ्या घालायच्या. वखराने वर आलेली बाजरीची, मक्याची धसकटे गोळा करायची. आणि सर्वांत चिकट काम म्हणजे काशा वेचणे. हराळी आणि कुंद्याच्या मुळ्यांचे हे जाळे जमिनीत हातभर खोल गेलेले असते. वखराने त्याचे तुकडे होतात. वेचला नाही तर पाऊस पडताच एकेका तुकड्याचे एकेक झाड होते आणि मग पिकाआधी तेच वर येते. वाकून, उकिडवे बसून, ओंजळ ओंजळ करत सहा एकर वेचायचे. आम्ही पहिल्या दिवशी सकाळी दोन तास वेचले आणि बांधावरच्या लिंबाखाली आडवे झालो. वहिनी पुढे गेली. तिने आम्हाला काही म्हटले नाही. फक्त जाताना पाण्याची कळशी सावलीत सरकवून ठेवली.

दहा वाजता ऊन असे होते की मुरुमावर अनवाणी पाय ठेवणे अशक्य. मग घरी येऊन कांद्याची चाळ. खालच्या काळ्या रानातल्या अर्ध्या एकरात उन्हाळ कांदा होता. तो एप्रिलमध्ये निघाला, पात कापून, सुकवून चाळीत भरला. आता रोज चाळीत हात घालून सडका कांदा बाजूला काढायचा. एक सडला की शेजारच्या दहांना घेऊन सडतो. भाव नाही म्हणून ठेवायचा आणि ठेवला म्हणून सडायचा, अशी ही कोंडी. लासलगाव, मनमाड, येवला या बाजारांत कांद्याचे काय होते ते दिल्लीत ठरते. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, 4 मे 2024 ला उठली पण निर्यात शुल्क राहिले. ते 1 एप्रिल 2025 ला गेले. तोवर दोन हंगामांतल्या लहान शेतकऱ्याचे काय व्हायचे ते होऊन गेले होते. मोठ्या बागायतदाराची पक्की चाळ असते, तो थांबू शकतो. वहिनीची चाळ बांबूची आणि जुन्या लुगड्यांची.

दुपारी चारनंतर ती पुन्हा रानात जाते, असे आम्ही लिहिणार होतो. पण ते रोज खरे नसते. दहा दिवसांतले चार दिवस ती दुसऱ्याच्या रानात गेली, मजुरीने. कुणाचा कांदा भरायचा होता, कुणाचे शेणखत पसरायचे होते. आल्यावर अंधार पडेपर्यंत स्वतःच्या शेतातल्या काशा. आमच्या समाजातल्या 'शेतकऱ्या'चे हे खरे रूप आहे. शेतकरी संघटनांच्या व्यासपीठावर भाव मागणारा शेतकरी वेगळा आणि शेतमजुरांच्या मोर्चात मजुरी मागणारा वेगळा, असे पुढारी सांगतात. आमच्या वहिनीने कुठल्या मोर्चात जावे? ती सकाळी भाव मागेल आणि दुपारी मजुरी.

मग ही शेती टिकली कशी? याचे उत्तर आमच्या घरात लपवण्यासारखे नाही. ती रेल्वेने टिकवली. आजोबा जी.आय.पी. रेल्वेत गँगमन होते. रुळांवर खडी लोटायची, स्लीपर बदलायचे. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, तिला आजोबा होते असे घरात सांगत आलेले आहेत. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे सुप्रसिद्ध प्रतिपादन त्या मंडपातले. आमची माणसे गँगमन म्हणून भरती होतात आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतात, वरची जागा त्यांना दिसत नाही, हेही दुखणे त्यांनी तिथे उघड केले. एक गोष्ट मात्र आमच्या वक्त्यांच्या नजरेतून सुटते. त्याच्या महिनाभर आधी, 10 जानेवारी 1938 ला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला होता, खोती रद्द करा म्हणून. जानेवारीत कोकणचा कुळवाडी, फेब्रुवारीत मनमाडचा रेल्वे कामगार. स्वतंत्र मजूर पक्षाच्या नजरेत ही एकाच झगड्याची दोन माणसे होती. आमच्या घरात तर ती एकच व्यक्ती होती. आजोबांच्या पगारातून बैल आला. थोरले काका मनमाडच्या रेल्वे कारखान्यात लागले, जिथे पुलांचे गर्डर तयार होतात. त्यांच्या पगारातून 1972 च्या दुष्काळानंतर पुन्हा बी-भरण उभे राहिले. धाकटे काका अन्न महामंडळाच्या गोदामात पोती वाहत. देशातल्या मोठ्या धान्यकोठारांपैकी एक मनमाडला आहे. पंजाबच्या गव्हाची थप्पी लावून आलेला माणूस संध्याकाळी आपल्या माळावरच्या बाजरीची कणसे खुडायचा.

1918 साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक इंग्रजी निबंध लिहिला. त्याकाळी सगळे विद्वान म्हणत होते की शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे, तुकडे जोडा म्हणजे झाले. बाबासाहेबांनी हा युक्तिवाद उलटा केला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; त्यावर भांडवल किती लावता, अवजारे किती, यावर ठरते. भांडवल नाही आणि शेतीवर माणसे नको तितकी, हा खरा रोग. शेतीवरची जादा माणसे उद्योगधंद्यांत गेली पाहिजेत, तेव्हाच शेतीही सुधारेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस. आमच्या सहा एकरांची कहाणी म्हणजे या निबंधाचे चालतेबोलते उदाहरण आहे. माणसे रेल्वेत गेली आणि त्यांच्या पगाराचे भांडवल शेतात आले, तोवर शेत चालले. आता उलट झाले. काका निवृत्त झाले. पुढची पिढी कंत्राटावर. कुणी सिडकोत सिक्युरिटीला, कुणी पुण्यात कंपनीत अकरा-अकरा महिन्यांवर. त्यांच्या पगारातून त्यांचेच घरभाडे निघत नाही. माणसे गेली खरी, पण भांडवल यायचे बंद झाले.

आणि नेमके याच वेळी तो कागद आला.

मनमाड-इंदूर या नव्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तीनशे नऊ किलोमीटरचा मार्ग, अठरा हजार कोटींवर खर्च. मार्ग जातो मनमाडच्या उत्तरेला, मालेगाव-धुळ्याकडे. आमचे शेत आहे दक्षिणेला. पण जमिनीच्या दलालांना दिशा लागत नाही, बातमी लागते. मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. गोड बोलणारे, 'जयभीम' घालणारे. सतरापैकी नऊ जणांना ते आधीच भेटून आले होते. कागद खरेदीखताचा नव्हता. कुलमुखत्यारपत्राचा होता. असे का, तर ही जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, नवीन शर्तीची. कलेक्टरच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही, इतकेच काय, हद्दी पाडून वाटून घेता येत नाही. त्यामुळे आधी मुखत्यारपत्र, मग 'आम्ही वर सगळे बघून घेतो.' वर काय बघितले जाते ते 2025 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातील वतनी जमिनीच्या व्यवहारावरून गदारोळ उठला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पुण्यातली जमीन म्हणून ती वर्तमानपत्रांत आली. मनमाडच्या माळावरची कोण छापणार? शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार मूळ वतनदाराच्या डोक्यावर, आणि मुखत्यारपत्र घेणारा आपले पैसे काढून केव्हाच मोकळा झालेला.

ही शर्त आपल्याला जाचक वाटते. काही अंशी ती आहेच. सतरा नावांची संमतीपत्रे जमवल्याशिवाय सोसायटी कर्जाला उभी करत नाही, पीकविम्याला पुन्हा संमतीपत्र; दादाने कंटाळून वहिनीची पोत गहाण ठेवून बियाणे आणले. पण त्याच शर्तीमुळे सहा एकरांचे सतरा तुकडे झाले नाहीत आणि गावच्या धनदांडग्याच्या घशात ते एकेक करून गेले नाहीत, हेही खरे. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी मागणी केली होती की शेती हा राज्याचा उद्योग असावा, ती गावकऱ्यांनी सामुदायिकपणे कसावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच राहू नयेत. ती घटनेत आली नाही. सरकारने करावे ते सरकार करील तेव्हा करील. पण सहा एकरात सतरा वारसांनी एकत्र भांडवल घालून कसणे, यासाठी आम्हाला कोणत्या सरकारची परवानगी हवी आहे? प्रत्येकाने वर्षाला एका मोबाईलच्या किमतीइतके पैसे टाकले तरी विहिरीचा गाळ निघतो आणि पक्की चाळ उभी राहते. विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना 2017 पासून आहे. अर्ज करायला कुणी जात नाही, कारण सातबाऱ्यावर ज्यांची नावे ते गावात नाहीत, आणि जी गावात आहे तिचे नाव नाही.

वहिनीचे नाव सातबाऱ्यावर नाही, हे आम्हाला यावेळी कळले. तिला माहेरची जमीन नाही, इथेही नाही. उद्या सतरा जणांनी सह्या केल्या तर जिच्या हाताला चाळीस वर्षांचे घट्टे आहेत तिला कुणी विचारण्याचेही कारण नाही. आमच्या आत्याचे तर याहून वाईट. ती आता ऐंशीच्या घरात आहे. आजोबांच्या माघारी भावांनी तिला बोलावले, साडीचोळी केली आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. हे कोण्या जातदांडग्या पाटलाने केले नाही. आमच्या घरातल्या, दर 14 एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे चालणाऱ्या माणसांनी केले. मुलीला वारसाहक्क मिळावा या तरतुदी ज्या हिंदू कोड बिलात होत्या, ते बिल बारगळवले गेले म्हणून बाबासाहेबांनी 27 सप्टेंबर 1951 ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आम्ही त्यावर भाषणे करतो. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात 1994 ला आला आणि देशभर 2005 ला. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. पत्नीचे नाव पतीच्या हयातीत सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्तीची सोय 1992 पासून आहे. तलाठी कार्यालयात अर्ज द्यायचा, एवढेच काम. तीस वर्षांत आमच्यापैकी एकालाही ते सुचले नाही!

शेतरस्त्याचेही सांगितले पाहिजे, कारण ते रोहिणीतच पेटते. आमच्या शेताला जायला शेजारच्या बांधावरून गाडीवाट होती. दरवर्षी नांगरटीत ती हातभर कोरली जाई. यंदा तिथे काट्यांचा फास पडला. मृगात पेरणी झाली की मग ट्रॅक्टर कुणाच्याच पिकातून नेता येत नाही, म्हणजे वाट अडवणाऱ्याने पंधरा दिवस काढले की वर्ष त्याचे. दादा म्हणाला, भांडण नको, आपली घरे तीन, त्यांची तीस. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आजही जिवंत आहे. त्याच्या पाचव्या कलमाखाली अडवलेली वहिवाट तहसीलदाराला मोकळी करून देता येते. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा घातला पाहिजे. नवी वाट हवी असेल तर महसूल संहितेचे 143 वे कलम. ही कलमे आमच्या किती कार्यकर्त्यांना पाठ आहेत? दादासाहेब गायकवाडांनी 1964 साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह पुकारला तेव्हा लाखो माणसे तुरुंगात गेली. नाशिक जिल्ह्यातल्या आंब्यातून निघालेल्या त्या माणसाने जमिनीचा प्रश्न तुरुंगापर्यंत नेला. ज्यांच्याकडे जमीन आहे, ते आम्ही तो तहसील कचेरीपर्यंतही नेत नाही.

शेवटच्या रविवारी सतरापैकी अकरा जण वस्तीवर जमले. वळवाची एक सर येऊन गेली होती, धूळ बसली होती. कुणी म्हणाले, विकून प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच लाख येतील, पोराच्या ॲडमिशनचे भागेल. हे बोलणारा खोटे बोलत नव्हता. त्याच्या पोराची फी खरोखर थकली आहे. त्याला बाबासाहेबांचा 1918 चा निबंध ऐकवून चालणार नव्हते. आम्ही म्हटले, फीचे सोळा जण मिळून पाहू. मुखत्यारपत्रावर मात्र आमची सही होणार नाही. बराच वेळ वाद झाला. एक जण उठून गेला. आत्या कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "मह्या अंगठ्याला तवा कोन्ही इच्यारलं न्हवतं."

त्यानंतर कुणी मोठ्याने बोलले नाही.

दलालाचा कागद सध्या दादाच्या पेटीत आहे. नऊ सह्यांवर थांबलेला. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज दादाने लिहून घेतला आहे, आत्याचे नाव परत कसे लागेल ते वकिलाला विचारायचे आहे, आणि शेतरस्त्याच्या दाव्यासाठी नांदगावच्या तहसील कचेरीत सोमवारी जायचे ठरले. कोण जाणार यावर पुन्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी आम्ही आणि वहिनी जाणार असे ठरले.

निघताना वहिनीने ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडून दाखवली. घरच्या मुगाचे शंभर दाणे तिने चार दिवसांपूर्वी मोजून त्यात ठेवले होते, उगवण पाहण्यासाठी. सत्तरच्या वर उगवले तर बियाणे विकत आणायचे नाही. तिने आम्हाला मोजायला लावले. एक्क्याऐंशी निघाले.